पत्ता बदलायचे पंचवीस पौंड

मुंबईत गाडीच्या विम्यावरचा पत्ता बदलायचा म्हणजे एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवायचे आणि एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा कागद) हातात येईपर्यंत अधूनमधून "झालं का हो?" विचारत राहायचं. विम्याच्या जुन्या टॅरिफपासून, म्हणजे दरपत्रकापासून, अख्खी मुंबई 'झोन ए' या एकाच दरविभागात, त्यामुळे दादरहून बोरिवलीला गेलात तरी हप्त्यात सहसा फार फरक पडत नाही. इथे इंग्लंडात दोन गल्ल्या पलीकडे गेलं तरी पोस्टकोड बदलतो आणि पोस्टकोडबरोबर हप्ताही. वर पॉलिसीत बदल करायची अ‍ॅडमिन फी वेगळी.

माझी एक पार्लेकर मैत्रीण इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पण ते बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही. परीक्षा द्यावीच लागते. लायसन्स बदललं की विमा कंपनीला कळवायचं, तसं तिने कळवलं. हप्ता १८ पौंडांनी उतरला आणि फी लागली २५ पौंड. म्हणजे जोखीम कमी झाल्याबद्दल हिनेच ७ पौंड भरायचे! "हे पैसे कशाचे?" असं तिने फोनवर विचारलं, तर उत्तर आलं, "नवीन कागदपत्रांचे." कागदपत्रं म्हणजे ईमेलवर आलेली पीडीएफ. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

यावर आपल्या लोकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "कळवूच नकोस, कोण बघतंय?" तेवढं मात्र करू नका. गाडी रात्री कुठे उभी असते, चालवणारा कोण, नोकरी काय, यावर इथला विमा ठरतो. माहिती लपवली आणि पुढे अपघात झाला, तर क्लेम कापला जाऊ शकतो किंवा सरळ नाकारला जातो. २५ पौंड वाचवायला जाऊन गाडीचेच पैसे बुडायचे.

फी वाचवायची वेळ खरं तर पॉलिसी घेतानाच असते. तुलना करणाऱ्या वेबसाइटवर आपण सगळे सर्वांत वरचा, स्वस्तातला आकडा बघतो आणि बटण दाबतो. आकड्यामागची कागदपत्रं उघडा. हप्त्याव्यतिरिक्त काय काय आकारणार हे कंपनीने आधी सांगणं बंधनकारक आहे. बदलाची आणि रद्द करण्याची फी तिथे लिहिलेली सापडते. काही कंपन्या ऑनलाइन बदल फुकट करतात आणि फोन केला की पैसे लावतात. वर्षभरात घर बदलणार हे माहीत असेल (भाड्याने राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते बहुतेक माहीत असतंच), तर हप्ता दहा पौंड जास्त पण बदल फुकट, हा सौदा मला परवडतो.

पत्ता आणि नोकरी एकदमच बदलत असतील तर दोन्ही एकाच वेळी सांगा आणि फी एकदाच लागेल ना, हे आधी विचारून घ्या. फी लावलीच तर ती माफ होईल का, तेही विचारा. इथे घासाघीस चालत नाही असा आपला समज असतो. पण नम्रपणे विचारलं तर कधीकधी सोडतात. कागदपत्रांत न लिहिलेली फी लावली असेल तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (विमा कंपन्या-बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र यंत्रणा) जाता येतं आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

लायसन्सवरचा आणि गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता बदलणं मात्र सरकारी वेबसाइटवर फुकट आहे. गूगलवर वरती दिसणाऱ्या जाहिरातवाल्या साइट त्याच कामाचे पैसे घेतात, तिकडे जाऊ नका.

आता मुलांकडे यायच्या तयारीत असलेल्या तिकडच्या काका-मावश्यांसाठी. बाबांना इथे गाडी चालवायची हौस असेल तर मुलाच्या पॉलिसीत त्यांचं नाव घालायचं, मग काढायचं, असं दोनदा कंपनीच्या दारात जाऊ नका. त्यांच्या नावाने काही दिवसांचा स्वतंत्र तात्पुरता विमा मिळतो. भारतीय लायसन्स आणि वय चालतं का तेवढं आधी बघा. मुलाची मूळ पॉलिसी जशीच्या तशी राहते आणि पार्किंगमध्ये कुठे घासलीच, तर सहसा त्याचा नो-क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शाबूत राहतो.