निगेटिव्हवरचे चरे आणि धूळ: यॅशिका इलेक्ट्रोचं अपडेट

माझ्या यॅशिका इलेक्ट्रो ३५ ह्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या फोटोंवर जे आडवे चरे यायचे त्यांचा छडा लागला एकदाचा. कॅमेरा निर्दोष आहे, गुन्हेगार निघाली कॅसेटच्या (फिल्म गुंडाळलेल्या नळकांड्याच्या) तोंडाशी उजेड अडवायला असते ती काळी मखमल.

कसं पकडलं ते सांगतो. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर सरळ धरून काही कळत नाही, मोबाइलचा टॉर्च एकदम तिरका मारायचा आणि चरा चकचकीत बाजूला आहे का मंद दिसणाऱ्या इमल्शनच्या (ज्या थरावर चित्र उमटतं त्याच्या) बाजूला ते बघायचं. माझा इमल्शनवर होता, फ्रेमच्या बरोब्बर मधून, आणि दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीतूनही न तुटता पुढे गेलेला. आता प्रेशर प्लेट (फिल्म सपाट धरणारी दारातली पट्टी) टेकते ती पाठीमागून म्हणजे बेसला, चकचकीत बाजूला, पुढून फिल्म बसते फक्त कडेच्या रुळांवर, मग मधोमध इमल्शनला घासणारं उरतंच कोण? खात्री करायला वाया गेलेल्या फिल्मचा तुकडा त्याच कॅसेटमध्ये भरून उजेडात नुसता हाताने ओढला, कॅमेऱ्यात घातलाच नाही, तरी रेघ हजर.

कारण साधंय, मी लॅबमधून रिकाम्या कॅसेटी आणून बल्क, म्हणजे मोठ्या गुंडाळ्यातली फिल्म कापून, भरतो (१०० फुटात ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात) आणि तीच कॅसेट पुन्हा पुन्हा फिरते, मखमलीत एक कण जरी अडकला तरी अख्खा रोल त्याच्यावरून दोनदा जातो, एकदा पुढे आणि एकदा रिवाइंड करताना. जुन्या लायका कॅमेरेवाल्यांचं बरं होतं, त्यांच्या पितळी कॅसेटला मखमलच नसायची, कॅमेऱ्याच्या तळाची किल्ली फिरवली की कॅसेटचं तोंड उघडायचं आणि फिल्म न घासता बाहेर. १९३४ ला कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर तयार भरलेली कॅसेट आणली ती एकदा वापरून टाकून द्यायलाच होती, आपणच तिला जुंपतो.

आता भरायच्या आधी मखमलीवर चिकटपट्टी दाबून उचलतो, पट्टीवर काय काय येतं ते बघून तुम्हीही दचकाल. कॅसेटवर मार्करने नंबर टाकलेत, ज्या नंबरची रेघ दिसली ती थेट कचऱ्यात. आणि रोल सुट्टा खिशात ठेवणं बंद, झाकणाच्या डबीतच.

धुळीचं प्रकरण वेगळं. प्रिंटवर काळा ठिपका म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्यात फिल्मवर कण बसलेला होता, त्याच्या सावलीने निगेटिव्ह तिथे कोरं राहिलं. पांढरा ठिपका म्हणजे धूळ नंतरची, निगेटिव्हवर बसलेली. माझ्या काळ्या ठिपक्यांचं मूळ मागच्या दाराच्या फोममध्ये होतं, ह्या वयाच्या कॅमेऱ्यांत तो डांबरासारखा होऊन भुगा पाडतो. टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सगळा खरवडला, नवा पातळ फोम लावला, ठिपके जवळजवळ गेले. रोल बदलताना कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअर मारतो, कॅनमधली हवा शटरच्या पात्यांजवळ अजिबात नको.

पांढरे ठिपके अजून छळतायत. पुण्यात शेजारी बांधकाम चालू असलं की घरात काहीही वाळवणं अवघड. सध्या बाथरूममध्ये बादलीभर कढत पाणी ओतून वाफेबरोबर धूळ खाली बसू देतो, मग तिथेच फिल्म टांगतो, खाली चिमट्याचं वजन, पंखा बंद, दार बंद, घरच्यांना आधीच सांगून. शेवटचं पाणी आरओचं, त्यात फोटो-फ्लो (वाळताना पाण्याचे डाग पडू न देणारं द्रावण) १:२००. बोटांनी किंवा स्क्वीजीने निपटणं सोडलंय, ओलं इमल्शन फार हळवं असतं आणि एक कण पुरतो.

स्कॅनरच्या इन्फ्रारेड सफाईवर (इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती पुसायची सोय) भिस्त ठेवणाऱ्यांना एक सांगतो, साध्या ब्लॅक अँड व्हाइटवर ती चालत नाही कारण फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते, सगळंच धूळ वाटतं तिला. कलर निगेटिव्हवर बिनधास्त वापरा.

लोडरच्या (मोठ्या गुंडाळ्यातून कॅसेट भरायच्या डब्याच्या) तोंडालाही मखमल आहे, पुढचा संशय तिच्यावर. बिनमखमलीचा, दार उघडणारा लोडर कोणाकडे असेल तर कसा चालतो ते लिहा.