नाव सांगताना

आज मीटिंगमध्ये प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी तोतरा बोलतो. इतर शब्द अडला की दुसरा शोधून वेळ मारून नेता येते, पण स्वतःच्या नावाला पर्याय कुठून आणणार? गाडी तिथेच अडली. एरवी मी खोकला आल्याचं नाटक करतो (त्यात आता चांगलाच तरबेज झालोय). आज नाही केलं. थांबलो, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. समोरच्या बाई शांतपणे बघत राहिल्या. माझं नाव स्वतःच पूर्ण करायची घाई त्यांनी केली नाही. मनातल्या मनात हात जोडले त्यांना.

लहानपणापासून देवाकडे रोज एकच मागणं, हे तोतरेपण जाऊ दे. आत्ता अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आज मागायचं राहूनच गेलं.