ढालीवरचा बिल्ला

आपल्या शाळेची फिरती ढाल ज्यांनी ज्यांनी हातात धरलीय त्यांना तो बिल्ला आठवणारच. सागवानी ढाल, मधे पितळी पट्टी, पट्टीच्या वर लाल मखमलीचा तुकडा आणि त्यावर टोचलेला अंगठ्याच्या पेराएवढा पांढरट धातूचा बिल्ला. वर मुकुट, खाली दोरखंडाचा वेढा, वेढ्यात इंग्रजी एम आणि एन. बस. ना नाव, ना साल.

आमच्या वेळी या बिल्ल्याबद्दल वर्गागणिक वेगळी स्टोरी होती. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे हा थिबा राजाचा बिल्ला. रत्नागिरी जिल्ह्यात कुठेही जुनंपानं काही सापडलं की ते थिबाचं असतं, तशी पद्धतच आहे, ब्रह्मदेशचा राजा इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, म्हणजे तीस वर्षांत त्याच्या वस्तू गावभर पसरल्याच असणार असा आमचा हिशोब. दुसरा गट म्हणायचा की ही मुंबई-कोकण आगबोटीची खूण, कप्तान टोपीला लावायचा. आणि आमच्या वर्गातल्या एका महाभागाने एम एन म्हणजे 'मराठी निबंध' असं शोधून काढलं होतं, निबंधस्पर्धेत पहिला येणाऱ्याला इंग्रज सरकार देत असे म्हणे! चित्रकलेच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले आधी ढाल जिंका, मग चौकशा करा. आमच्या तुकडीने ती कधीच जिंकली नाही त्यामुळे विषय तिथेच राहिला.

आता महोत्सवानिमित्त जुन्या वस्तूंचं प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा ढाल कपाटातून बाहेर निघाली आणि समितीतल्या कुणीतरी उत्साहाने चिठ्ठी तयार केली, 'ब्रिटिशकालीन राजमुकुट, अंदाजे शंभर वर्षे जुना'. मला ते खटकलं. अंदाजे कशावरून? मी मुंबईत राहतो, जुनी नाणी आणि पदकं जमवणारे दोनचार जण ओळखीचे आहेत, म्हटलं निदान विचारून तरी बघू.

त्यातल्या एकाने फोनवरच मला क्लास दिला. ब्रिटिश बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याची कमान बघायची. वरची कमान घुमटासारखी गोल असेल तर तो राजाचा काळ, म्हणजे 1952 पर्यंतचा. कमान मधोमध दबलेली असेल तर राणी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरचा. एवढ्यावरून निम्मं काम होतं म्हणे. मग मागची बाजू बघायची, बनवणाऱ्याचा शिक्का आहे का, टाचणी कशी बसवलीय, नंबर कोरलाय का. आणि काहीही झालं तरी घासायचं नाही.

आता घासायचं नाही हे आपल्याकडे कुणाला सांगणार! शिपाईमामा दर 15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी घंटा, समई आणि ढाल एकाच घमेल्यात घेऊन बसायचे आणि चिंच-राखेने लख्ख करायचे. त्यांचा दोष नाही, त्यांना ते पितळी भांडंच वाटणार. पण इतक्या वर्षांत मुकुट पार गुळगुळीत झाला होता आणि मागे शिक्का असलाच तर तोही गेला, नुसती आडवी टाचणी राहिली होती. नंबर नव्हताच.

मग गणपतीला गावी गेलो तेव्हा मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बिल्ला मखमलीवरून सोडवला आणि विज्ञानाच्या सरांकडून भिंग मागून खिडकीत बसलो. बराच वेळ कमान शोधत होतो, गोल आहे की दबलेली. कमान नव्हतीच! मुकुटाच्या कडेवर जी टोकं दिसतात ती राजाच्या मुकुटासारखी फुलं किंवा क्रॉस नव्हती. उजेड तिरपा धरला तेव्हा एका टोकावर आडव्या काठीला बांधलेलं फुगलेलं शीड दिसलं, त्याच्या शेजारी गलबताची मागची बाजू, म्हणजे आपण जिला वरामं म्हणतो तो भाग, मग पुन्हा शीड, पुन्हा वरामं. मुकुट राजाचा नाही, जहाजांचा. याला नौदलाचा मुकुट म्हणतात, इंग्रजी चिन्हांमध्ये असतो, हे नंतर कळलं. पण शीड ओळखायला आपल्या बंदरावर वाढलेल्याला पुस्तक कशाला लागतंय.

फोटो काढून आमच्या बॅचच्या एकाला पाठवला, तो मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर आहे. त्याचा पहिला अंदाज, 5 एप्रिलची पिन असेल. 5 एप्रिल 1919 ला सिंधिया या भारतीय जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं म्हणून आपल्याकडे तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन. पण तो साजरा व्हायला लागला 1964 पासून आणि ढालीच्या पट्टीवर पहिल्या विजेत्याचं नाव त्याच्या बऱ्याच आधीचं आहे, तेव्हा ते बाद. तासाभराने त्याचाच परत फोन. अरे एम एन म्हणजे मर्चंट नेव्ही, हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बिल्ला आहे, तिकडच्या बंदरांत म्हातारे खलाशी अजून कोटाला लावतात, मी स्वतः बघितलाय!

त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं. मालवाहू जहाजावरच्या माणसाला सैनिकासारखी सक्तीची वर्दी नसायची. पाणबुड्यांच्या तडाख्यातून वाचून बंदरात उतरायचा तो साध्या कपड्यांत, आणि रस्त्यावरचे लोक म्हणायचे हा धडधाकट बाप्या लढाई सोडून इथे काय करतोय. म्हणून 1940 मध्ये हा कोटाला लावायचा बिल्ला काढला. म्हणजे शोभेचा नव्हताच तो, टोमणे बंद करण्यासाठी होता.

प्रश्न उरला की तो आपल्या ढालीवर कसा आला. खरंतर हा प्रश्न पडायलाच नको होता. जयगड, दाभोळ, हर्णै, कुठल्याही खाडीच्या तोंडाशी जा, भंडारवाडीत, खारवीवाड्यात, मोहल्ल्यात एक घर बोटीवरच्या माणसाचं असतंच. आणि कार्यालयातला जुन्या देणगीदारांचा लाकडी फलक कधी नीट वाचलाय का कुणी? अर्ध्या नावांपुढे 'सारंग', 'टिंडेल', 'आगबोट' असं लिहिलंय. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, टिंडेल त्याच्या हाताखालचा. टिंडेल हे आडनाव समजून मी शाळेत असताना वर्गातल्या एका टिंडेलला तुझे आजोबा का रे हे असं विचारलंही होतं, तो नाही म्हणाला.

फलकावरच्या एका सारंगांचं घर मोहल्ल्यात अजून आहे. तिथली सून, म्हणजे आता ऐंशीच्या पुढच्या चाची. मी बिल्ल्याचा फोटो दाखवला तर त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही. म्हणाल्या, हा तर बाबांचा, विलायतेत कोटाला लावायचे, लावला नाही तर गोरे लोक वाकडं बघायचे. मग शाळेला कसा दिला? तर म्हणे नोकरी सोडून आल्यावर त्यांनी मुलांच्या खेळांसाठी ढाल करून दिली आणि सुताराला सांगितलं हा पण लाव वर. घरात कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाले होते, 'हितं कोट घालून जायचं कुठं, जाळ्यावर?'

चाचींनी पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांची नल्ली काढली. नल्ली म्हणजे खलाशाचं नोकरीचं बुक, आता सीडीसी म्हणतात ते. फडक्यात गुंडाळलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या. आत फोटो, अंगठ्याचा ठसा, मग रकानेच रकाने, जहाजाचं नाव, कधी चढला, कधी उतरला, हुद्दा काय, वागणूक कशी. वागणुकीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तोच शिक्का, 'व्हेरी गुड'. खलाशी म्हणून सुरुवात, मग टिंडेल, शेवटी सारंग. लढाईच्या वर्षांत दोन नोंदींमधे मोठी फट आहे, त्या फटीत काय झालं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. जहाजांची नावं मी इथे देत नाहीये, घरच्यांची तशी इच्छा आहे.

पगाराचं मात्र चाचींना पक्कं ठाऊक होतं. त्याच जहाजावर, तेच काम, पण आपल्या माणसाला गोऱ्याच्या मानाने कितीतरी कमी पैसे, राहायची जागाही कमी. हे मी नंतर वाचून पडताळलं, खरंच आहे, 1939 मध्ये लढाई लागल्या लागल्या ठिकठिकाणच्या बंदरांत हिंदी खलाशांनी यावरून संप केले होते आणि त्यानंतर थोडी वाढ मिळाली. बुडायच्या वेळी मात्र फरक नसायचा. 'तिलावा' बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडीने बुडवली, 280 माणसं गेली, त्यात खलाशीही आले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांच्या नावांचं पुस्तक आहे, मर्चंट नेव्ही आणि नौदल मिळून 6,000 च्या वर नावं, आणि त्याचीच दुसरी प्रत चितगावच्या युद्धस्मशानात. मी लोकलने मशीदवरून इतकी वर्षं ये-जा करतोय, मला पत्ता नव्हता.

तर ती 'राजमुकुट' वाली चिठ्ठी काढलीय. नवीन चिठ्ठीत मर्चंट नेव्ही, दुसरे महायुद्ध आणि सारंगांचं नाव, चाचींना विचारून. समितीत थोडा वाद झाला, एक सदस्य म्हणाले ब्रिटिशांचा बिल्ला कशाला मिरवायचा, मी म्हटलं ब्रिटिशांचा असेल, कोट आपल्या माणसाचा होता. बिल्ला परत ढालीवरच राहणार, वर छोटी काच बसवतोय, म्हणजे चिंच लागायची नाही.

एक विनंती आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची नल्ली, बोटीवरचे फोटो, परदेशी बंदरातून आलेली पत्रं असतील त्यांनी प्रदर्शनासाठी शाळेच्या ऑफिसात झेरॉक्स आणून द्या. ओरिजिनल देऊ नका, ऑफिसच्या कपाटातही वाळवी आहे.