सहा भोकं आणि पाच आठवडे

सुट्या भागांतून जुळवलेली माझी इलेक्ट्रिक गिटार 8,300 रुपयांत वाजती झाली. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात तो धातूचा भाग, सोडला तर सगळं काम दोन शनिवार-रविवारांत उरकलं होतं. बॉडी एका मोडक्या स्ट्रॅट कॉपीची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची नक्कल), 1,500 रुपयांना मिळाली. नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, दुसरीकडून घेतला. स्ट्रॅटोकास्टरचा नेक चिकटवलेला नसतो, स्क्रूंनी आवळलेला असतो, म्हणून तर हे जमतं. पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग), स्विच, जॅक पुण्यात तपकीर गल्लीत मिळाले. सिंगल कॉइल पिकअपना (तारांचा कंप पकडणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) 250 केचे, म्हणजे 250 किलोओहमचे, पॉट लागतात आणि व्हॉल्यूमसाठी 'ए' छापलेलाच मागून घ्या. 'बी'वाल्यात बराच वेळ फरक कळत नाही, मग शेवटी आवाज एकदम पडतो.

ब्रिजने मात्र पाच आठवडे खाल्ले.

ऑनलाइन विक्रेत्याने लिहिलं होतं, 'स्टँडर्ड सहा स्क्रू, सगळ्या स्ट्रॅटना बसतो'. बसला नाही. माझ्या बॉडीवर पहिल्या भोकापासून सहाव्यापर्यंतचं अंतर 52.5 मिमी, ब्रिजवर 56.4. अशी दोन्ही मापं सर्रास चालतात आणि दोन्हींना 'स्टँडर्ड'च म्हणतात! परत पाठवायला गेलो तर पाकीट फोडलंय, घेणार नाही. फोन, मेल, फोटो यात तीन आठवडे गेले. शेवटी उत्तर आलं की माल सदोष नाही. माल सदोष नव्हताच हो, माप लिहिलं नव्हतं! एक आकडा लिहायला किती वेळ लागतो?

मग ठरवलं, भोकं नवी पाडायची. पण बाहेरच्या दोन भोकांत फरक जेमतेम दोन मिमीचा, मधल्यांत अर्ध्या मिमीहूनही कमी. ड्रिल लावलं की ते घसरून जुन्याच भोकात जातं. टूथपिक आणि फेविकॉल भरून पाहिलं, तरी ड्रिल मऊ बाजूला सरकलं आणि एक भोक तिरपं झालं. त्या रात्री बॉडी कपाटावर टाकली आणि आठवडाभर तिच्याकडे पाहिलं नाही.

वाट दाखवली आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी. म्हणाले, "भोक बुजवायचं तर आधी मोठं करायचं." सहाही भोकं सहा मिमीची केली, सागवानाच्या खुंट्या ठोकल्या, फेविकॉल पूर्ण दिवस वाळू दिला, मग पॉलिशपेपरने सपाट केलं. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, वाजवून दाखव.

नवी भोकं आखताना मात्र घाई केली नाही. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांतली बारावी) 324 मिमी, म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, त्याच्या दुप्पट, 648 वर. माप सॅडलपासून घ्यायचं, स्क्रूपासून नाही. बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन त्या रेषेवर ठेवलं, कारण जाड तारांची सॅडल्स त्यामागे सरकवावी लागतात. मग दोन्ही कडेच्या ट्यूनरपासून (तारा पिळायच्या कळा) सॅडलपर्यंत शिवणाचा दोरा ताणला आणि नेकच्या दोन्ही कडांना सारखी जागा उरेपर्यंत ब्रिज हलवत राहिलो. त्यानंतरच पेन्सिलची खूण.

बॉडीची जाडीही आधी मोजा, हे वर सांगायचं राहिलं. स्वस्त बॉडी पातळ असतात आणि ब्रिजचा खालचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. माझी 45 मिमीची होती म्हणून वाचलो.

या काळात 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेचं गिटार फार आठवायचं. 1963 साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी ते घरी बनवायला घेतलं. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (दांडीने तारांचा ताण कमी-जास्त करणारी रचना) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तेही एका बैठकीत झालं नव्हतं.

तारा चढवल्यावर भुणभुण आली. ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा अडकवतात त्या पट्टीला अर्थची वायर जोडावी लागते, आणि माझा सांधा सुटला होता. 25 वॉटच्या सोल्डरिंगने ती पट्टी तापतच नाही. पट्टी घासून घ्या, 60 वॉटचं वापरा. सांधा धरला आणि भुणभुण बसली.

दुसऱ्या दिवशी छोटा अँप (अँप्लिफायर) घेऊन काकांच्या दुकानात गेलो. त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि पहिला ई कॉर्ड वाजला तेव्हा ब्रिजवर बोट टेकवून थरथर पाहिली.