नियम कुठे आणि आकडा कुठे: मॅक्सिमोच्या संदेशांना वळण लावताना

एका कंपनीचे दोन कारखाने आहेत, एक चाकणला आणि एक गोव्यात वेर्ण्याला. मशीनची देखभाल, स्पेअर पार्ट, स्टोअर्स आणि खरेदीची मागणी म्हणजे पीआर हे सगळं आयबीएमच्या मॅक्सिमो या सॉफ्टवेअरमध्ये. पीओ (खरेदीचे आदेश), बिलं आणि पैसे मात्र अकाउंट्सच्या वेगळ्या सिस्टीममध्ये. दोन्हींची जोडणी सुधारायचं काम माझ्याकडे होतं. ती आधीपासून होती, पण ‘सेव्ह केलं की पाठव’ एवढीच तिची अक्कल. अर्धवट मागण्या, रद्द झालेल्या मागण्या, कुणी वर्णनातलं स्पेलिंग सुधारलं म्हणून पुन्हा गेलेल्या मागण्या, सगळ्याच पलीकडे जाऊन पडायच्या. अकाउंट्सच्या मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, “तुमच्याकडून नको ते रोज येतं, आणि हवं ते फोन केल्यावर येतं.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

यापूर्वी असे बदल जावा कोड लिहून, म्हणजे युजर एक्झिटमध्ये, केले जायचे. कोड बदलला की ईएआर फाइल, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं पॅकेज, नव्याने बांधा, सर्व्हर बंद करा, चढवा, चालू करा. तिन्ही शिफ्ट चालणाऱ्या कारखान्यात सर्व्हर बंद ठेवायला वेळ मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उठून ताट बदलून मागण्यासारखं. मिळतं, पण सगळे बघत राहतात. म्हणून मी आधीच ठरवलं की जिथवर जमेल तिथवर मॅक्सिमोतले प्रोसेसिंग रूल्स आणि इंटिग्रेशन कंट्रोल्स वापरायचे. हे दोन्ही पडद्यावरूनच लावता येतात, कोडला हात लावावा लागत नाही.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणती माहिती जाणार त्याचा साचा म्हणजे ऑब्जेक्ट स्ट्रक्चर, पीआरसाठी एमएक्सपीआर. बाहेर पाठवायचं दार म्हणजे पब्लिश चॅनल, आत घ्यायचं दार म्हणजे एंटरप्राइज सर्व्हिस. समोरची सिस्टीम ‘एक्स्टर्नल सिस्टीम’ म्हणून नोंदवलेली असते आणि संदेश जेएमएस रांगांमधून, म्हणजे एकामागे एक वाट बघत, ये-जा करतात. रूल म्हणजे संदेश तपासून तो वगळायचा, थांबवायचा की त्यातलं मूल्य बदलायचं हे सांगणारा नियम. रूल्स लागतात ते या दोन दारांवर. आणि कंट्रोल म्हणजे रूलला विचारता येईल असं एक नाव दिलेलं मूल्य. कंट्रोल चार प्रकारचे: हो-नाही सांगणारा बूलियन, एकच मूल्य ठेवणारा व्हॅल्यू, अनेक मूल्यांची लिस्ट, आणि आपलं मूल्य व समोरच्याचं मूल्य यांची जोडी लावणारा क्रॉस-रेफरन्स.

या कंट्रोलचा एक गुण सुरुवातीला माझ्या फारसा लक्षात आला नव्हता, आणि पुढे सगळं काम त्याच्यावरच उभं राहिलं. कंट्रोलला एक डिफॉल्ट मूल्य असतं आणि एक्स्टर्नल सिस्टीमवर गेलं की ऑर्गनायझेशननुसार, साइटनुसार ते बदलून ठेवता येतं. म्हणजे रूल एकच, पण चाकणला तो एक आकडा वाचतो आणि वेर्ण्याला दुसरा.

म्हणून प्रत्येक मागणी आली की मी एकच प्रश्न विचारायला लागलो: हे उद्या बदललं तर कोण बदलणार? ‘मंजूर नसलेला पीआर जाऊ नये’ हा नियम कुणी बदलणार नाही, तो रूलमध्ये. पण ‘मंजूर’ म्हणजे कोणकोणती स्टेटस, हे खरेदी विभागाच्या मनावर. ते लिस्ट कंट्रोलमध्ये. मॅक्सिमोत पीआरला डब्ल्यूएपीपीआर (मंजुरीच्या प्रतीक्षेत), एपीपीआर (मंजूर) अशी मूळ स्टेटस असतात आणि कंपन्या त्यांना आपापली सिनॉनिम जोडत बसतात. इथेही ‘स्टोअर्सने मंजूर’, ‘प्लांट हेडने मंजूर’ अशी पिल्लं होती. त्यांतली कोणती पलीकडे जाण्याच्या लायकीची, यावरच दोन्ही कारखान्यांचं एकमत होईना. चाकणचं म्हणणं प्लांट हेडची सही झाल्याशिवाय काहीच जायला नको. वेर्ण्याला स्टोअर्सची मंजुरी पुरेशी वाटत होती, कारण त्यांच्याकडे प्लांट हेड बहुतेक वेळा मुंबईच्या ऑफिसात. एरवी या वादात महिना गेला असता. इथे कंट्रोलला दोन ऑर्गनायझेशनसाठी, म्हणजे दोन कारखान्यांसाठी, दोन याद्या दिल्या आणि दोघेही आपण जिंकलो असं समजून गेले.

तसंच किरकोळ खरेदीचं. बोल्ट, टेप, हॅकसॉचं पान असल्या खरेदीचे पैसे जागेवरच पेटी कॅशमधून जातात. ते पीआर अकाउंट्सकडे जायची गरज नाही. मर्यादा चाकणला १० हजार, वेर्ण्याला ५ हजार. व्हॅल्यू कंट्रोल केला, पीआरची एकूण रक्कम त्याच्याशी ताडली. ही मर्यादा दर वर्षी बदलते, त्यामुळे ती रूलमध्ये लिहून ठेवली असती तर दर एप्रिलमध्ये मला फोन आला असता.

आता रूल बांधताना जिथे माणूस हमखास गोंधळतो ती जागा. एका रूलमध्ये अनेक कंडिशन असू शकतात आणि एका कंडिशनमध्ये अनेक तपासण्या. एकाच कंडिशनमधल्या तपासण्या सगळ्याच्या सगळ्या खऱ्या ठरल्या तर ती कंडिशन खरी. पण कंडिशन वेगवेगळ्या केल्या तर त्यांतली एक जरी खरी ठरली तरी रूल लागतो. आम्हाला पीआर वगळायचा होता तो तीनपैकी कोणतंही एक कारण असलं तरी: स्टेटस यादीत नाही, रक्कम मर्यादेच्या आत आहे, किंवा स्टेटस या सेव्हमध्ये बदललेलंच नाही. या तिन्ही तपासण्या एकाखाली एक छान मांडून एकाच कंडिशनमध्ये ठेवल्या असत्या तर पडद्यावर दिसायला बरोबर, आणि प्रत्यक्षात जवळजवळ काहीच वगळलं गेलं नसतं. म्हणून तीन कंडिशन वेगळ्या. तिसरी महत्त्वाची होती: मंजूर पीआरचं वर्णन कुणी बदललं तरी संदेश पुन्हा जायचा, आणि पलीकडे त्याच मागणीवर दुसरा पीओ निघण्याची भीती.

रूल कोणत्या पातळीवर लावता यालाही अर्थ आहे. मुख्य रेकॉर्डवर ‘स्किप’ म्हटलं तर अख्खा संदेश जात नाही. ओळीवर म्हटलं तर फक्त ती ओळ गळते, बाकीचं जातं. सेवेच्या ओळी, म्हणजे मॅक्सिमोतल्या सर्व्हिस प्रकारच्या, अकाउंट्सला नको होत्या. त्यांची वर्क ऑर्डर वेगळ्या वाटेने निघते. ओळीवर स्किप लावला, टेस्टमध्ये त्या ओळी गळल्या, सगळे खूश. मॅडमनी मात्र प्रिंटआउट हातात घेऊन खालून वर बेरीज केली. ओळींची बेरीज आणि वरची एकूण रक्कम जुळत नव्हती. जुळणार कशी? एकूण रक्कम पीआरच्या डोक्यावर असते, त्यात सेवेच्या ओळी धरलेल्या, आणि रूलने काढली फक्त ओळ. संदेशाच्या आतली बेरीज मॅक्सिमो आपणहून पुन्हा करून देत नाही. उपाय साधा निघाला. ऑब्जेक्ट स्ट्रक्चरमध्ये कोणतं फील्ड घ्यायचं, कोणतं वगळायचं हे सांगता येतं. एकूण रक्कम संदेशातून काढून टाकली आणि पलीकडच्या सिस्टीमला ओळींवरून बेरीज करायला लावलं. मर्यादेची तपासणी आम्ही मॅक्सिमोतल्या मूळ रेकॉर्डच्या फील्डवर ठेवली, त्यामुळे ती चालूच राहिली. ही चूक कुठल्याही टेस्ट केसमध्ये सापडली नसती. ती बेरीज करायची सवय असलेल्या माणसालाच सापडते.

क्रॉस-रेफरन्सचं काम सोपं होतं आणि पटकन झालं. मॅक्सिमोत साइटची नावं माणसांनी ठेवलेली, अकाउंट्सला हवा प्लांट कोड आणि जीएसटीचा राज्य क्रमांक: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. दोन कंट्रोल, त्यांत जोड्या, रूलमधून मूल्य बदललं, संपलं. उद्या तिसरा कारखाना आला तर एक ओळ वाढवायची.

खरी कसोटी लागली ती आत येणाऱ्या संदेशांवर. व्हेंडर अकाउंट्समध्ये तयार होतात आणि मॅक्सिमोत येतात. मॅक्सिमोत व्हेंडर ऑर्गनायझेशनच्या पातळीवर असतो आणि इथे चाकण व वेर्णा ही दोन ऑर्गनायझेशन. पलीकडून मात्र एका व्हेंडरचा एकच संदेश येतो. यासाठी एंटरप्राइज सर्व्हिसवर मल्टिप्लिकेशन कंट्रोल नेमता येतो: क्रॉस-रेफरन्समध्ये बाहेरच्या एका मूल्यासमोर आतली दोन ठेवली की आलेल्या एका संदेशाचे दोन होतात. हे पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

मग आला जीएसटी क्रमांक. कंपनीच्या आयटी विभागाचा आग्रह: ज्या व्हेंडरचा जीएसटीआयएन रिकामा, त्याचा संदेश ‘स्टॉप’ करा. ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण आत येणारा संदेश स्टॉप झाला की ती चूक धरली जाते, आणि आमची व्हेंडरची सर्व्हिस सीक्वेन्शियल रांगेवर होती. या रांगेचं तत्त्वच असं की पुढचा अडला की मागचे सगळे थांबतात. कुणीतरी मेसेज रीप्रोसेसिंगच्या पडद्यावर जाऊन तो संदेश होल्डवर घेणार, दुरुस्त करणार किंवा काढणार, तोवर मागच्या एकाही व्हेंडरचा बदल आत येणार नाही. त्याच रांगेत इतर संदेश असतील तर तेही नाहीत.

मी वेर्ण्याच्या स्टोअर्सच्या प्रमुखांना फोनवर विचारलं, “सर, जीएसटी क्रमांक नसलेले व्हेंडर तुमच्याकडे किती असतील?” ते हसले. “अहो, लेथवाला, वेल्डिंगवाला, मोटर रिवाइंड करणारा, यांची नोंदणी कुठे असते? बंद करा त्यांना, मग मशीन तुम्हीच चालवा.” त्यांचं बरोबर होतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात काय आणि गोव्यात काय, साधारणपणे नोंदणी करावीच लागत नाही. रिकामा क्रमांक ही चूक नव्हतीच, ती खरी माहिती होती.

मग स्टॉप कशासाठी? क्रमांक आहे, पण त्याचे पहिले दोन आकडे पत्त्यातल्या राज्याशी जुळत नाहीत, अशासाठी. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा; पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. गोव्याचा पत्ता आणि २७ ने सुरू होणारा क्रमांक असला तर बिलावर राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी लागणार की दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी, इथेच घोळ होतो. इथे माणसाने बघायलाच हवं. तरी सीक्वेन्शियल रांग अडवायची माझी तयारी नव्हती. व्हेंडरची सर्व्हिस कंटिन्युअस रांगेवर हलवली. तिथे एक संदेश चुकला तरी बाकीचे पुढे जातात आणि चुकलेला रीप्रोसेसिंगमध्ये वाट बघत बसतो. त्याच्या बदल्यात क्रमाची हमी जाते, हे मान्य करावं लागतं. व्हेंडरच्या बाबतीत ते परवडलं. स्टोअर्सच्या शिलकीच्या संदेशांना ते मी कधीच करणार नाही.

स्किपबद्दल माझं मत या कामानंतर पक्कं झालं. स्टॉप आरडाओरडा करतो, म्हणून लोक त्याला घाबरतात. स्किप गप्प असतो. वगळलेला पीआर रांगेत पोचतच नाही, म्हणून मेसेज ट्रॅकिंगमध्येही त्याचा माग नाही. इंटिग्रेशनचा लॉगर डीबगवर, म्हणजे सगळं सविस्तर नोंदवण्यावर, ठेवलेला असेल तरच लॉगमध्ये काहीतरी सापडतं, आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या वापरातल्या सिस्टीमवर, डीबग कायम कोण ठेवतं? म्हणून आम्ही उलटी तपासणी लावली. अकाउंट्समध्ये पीआर पोचला की त्यांचा क्रमांक मॅक्सिमोत परत येतो. मंजूर आहे, मर्यादेच्या वर आहे आणि तो क्रमांक अजून रिकामा, अशा पीआरची सेव्ह केलेली क्वेरी खरेदीच्या लोकांना दिली. सकाळी चहाबरोबर ते ती उघडतात.

व्हेंडरच्या संदेशात आणखी एक बारीक गोष्ट. रूल कधी लावायचा हे इन्सर्ट (नवी नोंद), अपडेट (बदल) आणि डिलीट यांसाठी वेगवेगळं निवडता येतं. पलीकडून डिलिव्हरीच्या अटी येत नाहीत, म्हणून आम्ही एक ठरावीक मूल्य भरत होतो. ते फक्त इन्सर्टवर ठेवलं. अपडेटवरही ठेवलं असतं तर स्टोअर्सने हाताने सुधारलेल्या अटी व्हेंडरच्या पुढच्या बदलाबरोबर पुसल्या गेल्या असत्या, आणि कुणी पुसल्या हे शोधताना भांडणं झाली असती.

प्रॉडक्शनला नेताना रूल्स आणि कंट्रोल्सची रचना मॅक्सिमोतल्याच मायग्रेशन मॅनेजरच्या पॅकेजने नेली. कंट्रोल्समधली मूल्यं मात्र मुद्दाम हाताने भरली, आणि तीही मी नाही: चाकणची चाकणच्या खरेदीप्रमुखांनी, वेर्ण्याची तिथल्या सरांनी, राज्य क्रमांक आणि प्लांट कोड मॅडमनी. मी शेजारी बसून कोणतं फील्ड ते सांगत होतो. टेस्टवर आम्ही मर्यादा १०० रुपये ठेवली होती. ती पॅकेजमधून तशीच गेली असती तर पहिल्या दिवशी हॅकसॉच्या पानांसकट सगळं अकाउंट्सच्या टेबलावर. यंदाच्या एप्रिलमध्ये वेर्ण्याने आपली मर्यादा वाढवली. मला ते कुणी कळवलं नाही. महिन्याभराने मी दुसऱ्याच कामासाठी तो पडदा उघडला तेव्हा नवा आकडा दिसला.