बर्न्ट आयलंड मोहीम : खडपाने नांगर गिळला

नांगर गेला. साडेसात किलोचा नवाकोरा डॅनफोर्थ, सोबत सहा मीटर साखळी आणि वर थोडी दोरी, सगळं सिंधुदुर्गातल्या निवतीसमोरच्या खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ तळात, कायमचं मुक्कामाला राहिलं. इंजिन लावून चारही दिशांनी ओढून पाहिलं, दोरी नाळेवरच्या (होडीच्या पुढच्या टोकावरच्या) खुंट्याला घट्ट आवळून लाटेला उचलू दिली, पण तो ढिम्म. शेवटी आमची होडी हाकणाऱ्या तांडेलांनी कोयता काढला. दोरी कापताना म्हणाले, "नांगर टाकूक कोणाकय येता, काढूक येवक व्हयो." त्या एका वाक्यात आमच्या आतापर्यंतच्या सगळ्या तयारीचं परीक्षण आलं.

तंबू, चूल, पिंपं, रॉड यांची यादी केव्हाच पक्की झाली होती. पण वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांपैकी दीपगृहाच्या बर्न्ट आयलंडवर गरवायला जाऊन रात्र काढायची तर होडी रात्रभर कुठे आणि कशी उभी राहणार, हा प्रश्न आता सगळ्यांच्या पुढे येऊन बसला आहे. तिथे जेटी नाही आणि होडी ओढून ठेवायला पुळणही नाही. खडप, त्याला लागून बारा-पंधरा मीटर पाणी आणि वर फुटणारी लाट. म्हणजे सगळी भिस्त नांगरावर.

गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, हाच तळ सोन्याचा, हे वेगळं सांगायला नको. नांगर अडकला त्याच जागी आधीच्या तासाभरात माकुलाच्या (स्क्विडच्या) तुकड्यावर दोन छान तांबोश्या आणि एक गोबरा आला. गोबऱ्याने गरी घेतली आणि सरळ कपारीत शिरला. दोरा ढिला सोडून, वाट बघून बाहेर काढला. मासा कपारीतून निघाला, नांगर निघाला नाही. असो.

डॅनफोर्थला दोष देण्यात अर्थ नाही. तो वाळूचा आणि चिखलाचा नांगर. त्याचे फाळ वाळूत शिरतात तसेच खडकाच्या भेगेतही शिरतात, फक्त भेग नंतर सोडत नाही. इथले मच्छीमार खडपावर सळईचा नांगर वापरतात ते उगाच नाही. लोखंडी पाईपमध्ये चार-पाच सळया घालून टोकं वाकवलेली. अडकला की जोर लावायचा, सळई सरळ होते आणि नांगर सुटतो. घरी आणून पुन्हा ठोकून वाकवायची. तालुक्याच्या कुठल्याही वेल्डरकडे होतो, आणि कॅटलॉगमधल्या चकचकीत घडीच्या ग्रॅपनेलपेक्षा मला तो शंभर पटींनी पटतो. त्या घडीच्या नांगराची कडी जागेवरून सरकली की दाते मिटतात. कयाकला (वल्ह्याने मारायच्या चिंचोळ्या छोट्या नावेला) ठीक, होडीला नको. आम्ही १० मिलिमीटर सळयांचा करून घेतला. १२ च्या सळया आमच्या होडीला सरळ होत नाहीत, मग गंमतच संपली.

त्यावर दुसरा उपायही जोडला आहे, कारण एकट्या सळईवर माझा विश्वास नाही. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता बुडाला, म्हणजे दात्यांच्या बाजूला, शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) जोडायची. मग ती दांड्याला चिकटवून वर आणायची आणि वरच्या कडीला फक्त केबल टायने बांधायची. नेहमीच्या ओढीत नांगर वरूनच ओढला जातो आणि धरतो. अडकला की होडी बरोबर नांगराच्या वर आणायची, दोरी उभी ताणायची, टाय तुटतो आणि ओढ एकदम बुडाला जाते. ज्या वाटेने दाते आत गेले त्याच वाटेने उलटे बाहेर येतात.

आता टाय कुठला? इथेच डोकं फिरतं. ४.८ मिलिमीटर रुंदीचा टाय साधारण २२ किलोला तुटतो, ७.६ चा ५४-५५ किलोला. भंगारवाल्यांकडे असतो तसा लटकता काटा पडवीच्या वाशाला टांगून आम्ही खात्री करून घेतली. काळे टाय पाकिटावरच्या आकड्याच्या आसपास टिकले. होडीवर उन्हात पडून राहिलेले पांढरे निम्म्यातच कटकन गेले. पांढरे नायलॉन उन्हाने कुजतं, त्यामुळे समुद्रावर फक्त काळे, आणि तेही दर खेपेला नवीन. सुतळीही करून पाहिली. एक भिजते, एक नाही, एक गाठीपाशी तुटते, एक मधे. सुतळी बाद.

मग पुन्हा त्याच खडपावर गेलो, मुद्दाम. ७.६ चा एक टाय लावला, नांगर टाकला, अडकू दिला. दोरी आखडून खुंट्याला घेतली, पुढच्या लाटेने नाळ उचलली आणि दोरीतून हाताला एक बारीकसा 'टक्' कळला. पाठोपाठ नांगर हलका. वर आला तेव्हा एक सळई किंचित वाकलेली आणि कडीत टायचा तुटका शेपटा. एरवी खेकसणारे तांडेलसुद्धा तो शेपटा हातात घेऊन उलटसुलट बघत होते.

दिवसाचं गणित सुटलं. रात्रीचं मात्र याच उपायाने बिघडलं.

वीस फुटी होडी १५ नॉट वाऱ्यात नांगरावर साधारण ४० किलो ओढ टाकते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे ३० नॉटला साधारण १६० किलो. एक ५४ किलोचा टाय वाऱ्याच्या एका झुळकेचं काम. दोन लावले तर हिशेबाने २३-२४ नॉटपर्यंत तग धरतील, पण हा हिशेब सरळ ओढीचा आहे, लाटेच्या हिसक्यांचा नाही. जो टाय मी हवा तेव्हा लाटेकडून तोडून घेतो, तोच रात्री दोन वाजता लाट मला न विचारता तोडू शकते. पुरेशी दोरी सोडली तर हिसका कमी होतो हे खरं. खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या पाचपट तरी दोरी हवी. बारा मीटर पाण्यात ती पासष्ट मीटर झाली, आणि तेवढ्या घेरात होडी फिरणार. खडपाला लागून एवढा घेर आणायचा कुठून?

त्यात वाऱ्याचा खेळ. दुपारी वारा वायव्येचा, म्हणून बेटाच्या आग्नेयेला आडोसा मिळतो आणि सगळ्यांना तिथेच नांगरावंसं वाटतं. पण रात्री उशिरा मतलई सुरू होते, जमिनीवरून समुद्राकडे. ती होडीला पूर्वेकडून ढकलते, थेट खडपावर. दिवसा जो आडोसा, तीच पहाटे होडी फोडणारी बाजू. पश्चिमेला जावं तर तिथे मूळ लाटच येऊन आपटते. कागदावर बेट काढून बाण काढत बसलो, प्रत्येक बाण खडपाकडेच जात होता.

बुडाला वेगळी काढणी (ओढून काढायची दोरी) बांधून वर तरंगतं बोय ठेवायचं, हा जुना उपाय. टाय नको, अडकला की काढणीने ओढायचा. पण भरती-ओहोटीचा दोनेक मीटरचा फरक धरून काढणी लांब ठेवावी लागते, ओहोटीला ती ढिली होऊन पसरते आणि अंधारात इंजिनाच्या पंख्यात जाते. बाजारात मिळणारी निळी-हिरवी पीपी दोरी तर पाण्यावर तरंगतेच, म्हणजे पंख्याला आमंत्रण. रात्री, खडपाजवळ, पंख्यात दोरी. नकोच.

शेवटी उत्तर तांडेलांच्या बोलण्यातून निघालं, त्यांनी उत्तर म्हणून सांगितलं नव्हतं तरी. "रातीक खडपार कोण रवता? रेवेर चल." रात्री खडपावर नांगरायचंच नाही! दिवसाचा नांगर वेगळा, रात्रीचा वेगळा. दिवसा गरवताना सळईचा, टाय लावलेला, माणसं जागी, इंजिन हाताशी. रात्री खडपापासून लांब वाळूत डॅनफोर्थ, त्याला टायबिय काही नाही, शॅकल पक्का आणि त्याच्या पिनेला तार. आठ मीटर पाणी मिळालं तर पंचेचाळीस मीटर दोरी, त्यात होडीची लांबी. मतलईने पूर्ण फिरवलं तरी खडप दूर राहावं म्हणून नांगर कड्यापासून दीडशे मीटर पूर्वेला. शिवाय वायव्येच्या बाजूला दुसरा नांगर, म्हणजे घेरही आखडतो. होडीत एक माणूस झोपणार आणि फोनवर जीपीएसचा गजर लावणार. हा पहारा पाळीने.

वाळू आहे की नाही हे कळणार कसं? फिशफाइंडरवर कडक तळ जाड उजळ दिसतो आणि खाली दुसरा प्रतिध्वनी येतो, मऊ तळ बारीक आणि फिकट. पण वाळूचा पातळ थर आणि खाली कातळ असला तर यंत्र फसतं. त्यामुळे शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात साबण भरला आणि दोरीने तळावर दोन-तीनदा आपटला. वर आला तेव्हा पिवळ्या साबणात शिंपल्यांचा चुरा आणि भरड वाळू रुतलेली. दुसऱ्या जागी साबणावर नुसतीच चीर पडलेली, म्हणजे कातळ. दोन रुपयांच्या साबणाने महागड्या पडद्यापेक्षा नेमकं सांगितलं.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय, की होडी दीडशे मीटर लांब राहणार असेल तर ती खडपाला टेकवायची गरजच उरत नाही. आतापर्यंतचा सगळा खल 'लाटेत होडी टेकवून सामान कसं उतरवायचं' यावर होता. शिडी, जुने टायर, फळी, सगळं त्यासाठी. आता सिट-ऑन-टॉप कयाक न्यायचा. माणसं आणि निळी पिंपं फेऱ्या मारत उतरतील. शिडी यादीतून बाद! तांडेलांना कयाकचा फोटो दाखवला, ते म्हणाले, "ह्या खेळण्यात माणूस बसता?" बसवून दाखवू.

कयाकमुळे लाटेची अट मात्र कडक झाली. वारा नसतानाही दक्षिणेकडच्या महासागरातून लांब पल्ल्याचा फुगवटा येतो, पाणी आरशासारखं दिसतं आणि खडपावर अचानक माणूसभर चढतं. त्यामुळे इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या समुद्राच्या अंदाजात नुसती लाटेची उंची न बघता दोन लाटांमधलं वेळेचं अंतर बघायचं. १५-१६ सेकंदांच्या वर गेलं की उतरणं रद्द, उंची कितीही कमी असो.

तारखा यामुळे आणखी आखडल्या. मार्च-एप्रिल माझ्या मते सोडूनच द्यायचे. बेटावरच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वीण असते, त्यांच्या घरट्यांची चोरी होऊन गेलेली जागा आहे ती, तिथे आपण दिवे लावून फिरायचं कारण नाही. डिसेंबरात मतलई जोराची. उरतो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध, आणि त्यातही भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची ओढ कमी. मला शुद्ध अष्टमी हवी. संध्याकाळी सामान लावायला चंद्र डोक्यावर, मध्यरात्री तो मावळला की तांबोशीला हवा तसा काळोख. तिथीची पाऊणपट केली की भरती सहाला येते, पण तो मुंबईचा हिशेब, आपल्याकडे साधारण तासभर आधी धरा.

दीपगृह सरकारी आहे, तेव्हा लेखी परवानगीशिवाय बेटावर मुक्काम नाही. अर्ज गेला आहे. नाही मिळाली तर दिवसभर गरवून रात्री होडीत नाहीतर निवतीला. मला वैयक्तिक त्याचंही वाईट वाटणार नाही, पण कयाक मात्र नेणारच.

बाकी किरकोळ. पेट्रोल तिसऱ्या हिश्श्याच्या नियमाने, एक जायला, एक यायला, एक न वापरता परत आणायला. बेटावर पाण्याचा भरवसा धरायचा नाही, माणशी रोज चार लिटर पिंपातून. जेवण पेज, सुकट आणि मिळेल तो मासा. आमिषाला माकुल बर्फात, सुंगटं (कोळंबी) मिळाली तर उत्तम. पेडवा हा छोटा मासा आमिषाला चालतो का, यावर आमच्यात दोन तट आहेत, त्यात पडत नाही.

पुढची चाचणी निवतीच्याच पाण्यात, बेटावर नाही. होडीतच रात्र काढायची, दोन्ही नांगर टाकून, मतलई सुरू झाल्यावर होडी किती फिरते ते मोजायचं. त्याआधी साखळी हवी. मागची एका दुकानातून 'गॅल्वनाइज्ड' म्हणून घेतली होती, चांदीसारखी चकचकीत. दोन महिन्यांत गंजाचे ओघळ आले, आणि दुकानदार म्हणतो खाऱ्या पाण्यात टाकलीत कशाला. चकचकीत म्हणजे विजेवर दिलेला पातळ मुलामा. आपल्याला गरम जस्तात बुडवलेली, राखाडी, खडबडीत हवी. ८ मिलिमीटर, दहा मीटर, आखूड कडीची. रत्नागिरी ते मडगाव कुठेही कोणी घेतली असेल तर कळवा, येऊन घेऊन जातो.