होसोनोने अमेरिकेकडून नक्की काय उचललं?

जपानी संगीतकार हारुओमी होसोनोचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, अरे हा सगळा अमेरिकन माल आहे. आणि ते खोटंही नाहीये. १९४७ साली टोकियोत जन्म, म्हणजे युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं, अमेरिकन सैन्य देशात ठाण मांडून बसलेलं, आणि त्या सैनिकांसाठी चालणारं एफईएन रेडिओ स्टेशन जपानी पोरंही कान लावून ऐकायची, तर मग दुसरं काय होणार!

पण मला वाटतं त्याने गाण्यांपेक्षा विचार करायची पद्धत जास्त उचलली. त्याच्या हॅपी एंड या बँडसमोर बफेलो स्प्रिंगफील्ड आणि मोबी ग्रेप हे अमेरिकेतले रॉक बँड होते. तेव्हा जपानी रॉकवाल्यांमध्ये जोरदार वाद चालू होता, युया उचिदासारखी मंडळी म्हणत होती रॉक इंग्रजीतच गायला पाहिजे, आणि ही चार पोरं सरळ जपानीत गायला लागली. बफेलो स्प्रिंगफील्डवाले आपल्या मातीतलं फोक आणि कंट्री उकरतायत ना, मग आपण आपलं उकरू, असा तो हिशोब. म्हणून १९७१ च्या 'काझेमाची रोमान' या अल्बममध्ये गिटार कॅलिफोर्नियाची आहे आणि शब्दांत १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधीचं, पाडापाडीत गायब झालेलं टोकियो. शब्द ड्रमर ताकाशी मात्सुमोतोचे, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

१९७२ मध्ये हे लोक लॉस एंजेलिसला रेकॉर्डिंगला गेले, अमेरिकन संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स आणि लिटल फीट बँडचा लोवेल जॉर्ज सोबत, आणि तिथे बनवलेल्या शेवटच्या गाण्याचं नाव काय, तर 'सायोनारा अमेरिका, सायोनारा निप्पोन'. निप्पोन म्हणजे जपान, म्हणजे दोघांनाही टाटा! बँडही त्याच वर्षी मोडला.

पुढचा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. मार्टिन डेनी नावाचा एक अमेरिकन पियानोवाला होता, हवाईत बसून व्हायब्राफोन, पक्ष्यांचे आवाज वगैरे घालून 'पूर्वेकडचं' संगीत बनवायचा, म्हणजे अमेरिकन माणसाच्या डोक्यातला आशिया, खरा कुठलाच नाही. एखादा जपानी माणूस यावर चिडला असता तरी चाललं असतं. होसोनोने मात्र डेनीचं 'फायरक्रॅकर' घेतलं, सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बसवलं, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशीला घेऊन १९७८ मध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला आणि तो खोटा आशिया परत अमेरिकेलाच विकला, आणि गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत शिरलंसुद्धा. याला नक्कल कशी म्हणायची मला कळत नाही, मला तर ही शुद्ध टवाळी वाटते, प्रेमाने केलेली.

आता उलटा प्रवाहही सुरू झालाय, ब्रिटिश गायक हॅरी स्टाइल्सने आपल्या 'हॅरीज हाउस' अल्बमचं नाव होसोनोच्या 'होसोनो हाउस'वरून सुचल्याचं सांगितलं, व्हॅम्पायर वीकेंड या अमेरिकन बँडने होसोनोच्या संगीताचा तुकडा सॅम्पल केला, म्हणजे उचलून आपल्या गाण्यात वापरला, वगैरे. असो.

ऐकायचं असेल तर 'होसोनो हाउस' (१९७३) पासून सुरू करा, टोकियोजवळच्या सायामात अमेरिकन सैनिकांसाठी बांधलेल्या जुन्या घरात तो भाड्याने राहायचा, तिथेच रेकॉर्ड केलाय, आवाज एकदम खालच्या पट्टीतला, निवांत. मग 'ट्रॉपिकल डँडी'. भारत फिरून आल्यावर केलेला 'कोचीन मून' मात्र शेवटी ठेवा, त्यात रॉक औषधालाही नाहीये, नुसते सिंथेसायझर वळवळतात आणि पहिल्यांदा ऐकून बरेच लोक पळून जातात.